एचई ३० मध्ये पॉकेट मारताना कटरला ॲल्युमिनियम चिकटतंय, तीन एंडमिल (मिलिंगचे कटर) गेले

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं, आता एक जुनी व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन, पण आहे. टूलहोल्डर बीटी ४० मापाचा, कटर फिरवणारा स्पिंडल मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंतच जातो. इतकी वर्षं आम्ही फक्त सीआय, म्हणजे ओतीव लोखंड, केलं. फौंड्रीतनं कास्टिंग यायचं, फेसिंग, बोअर, ड्रिल-टॅप होऊन परत जायचं. सीआय कोरडंच चालतं, भुगा होऊन खाली पडतं, त्यामुळं कूलंटकडं आम्ही कधी नीट बघितलंच नाही.

आता पहिल्यांदा ॲल्युमिनियमचं काम आलंय. एचई ३० ग्रेडचा ३० जाडीचा फ्लॅट, १८० बाय ११०, मधे २२ मिमी खोल पॉकेट (खळगा), कोपऱ्याला ६ ची रेडियस, कडेची वॉल ३ मिमी. एका इलेक्ट्रॉनिक युनिटचं हाउसिंग आहे, नंतर ॲनोडाइझ होणार, म्हणजे वर संरक्षक थर चढणार. एकूण चाळीस नग. पहिल्या सात नगांत तीन एंडमिल गेले आणि चार नग रिजेक्ट झाले.

काय केलं ते सगळं सांगतो. कटर १० मिमीचा, कार्बाइड, चार फ्लूट (दातांमधल्या खोबणी), काळ्या कोटिंगचा. स्टीलसाठी आणलेले शिल्लक होते तेच लावले. ३००० आरपीएम, फीड मिनिटाला १५० मिमी, एका पासला ३ मिमी खोल, पूर्ण रुंदीचा स्लॉट मारत जायचं. वरचे पास ठीक जातात. पंधरा मिमीच्या खाली गेलं की आवाज बदलतो, किर्र असा चिरका, आणि दहा सेकंदांत कटर तुटतो. तुटलेला तुकडा हातात घेतला तर फ्लूट कुठं दिसतच नाही, सगळी दांडी ॲल्युमिनियमनं लिंपल्यासारखी भरलेली. भीतीपोटी मी फीड १५० वरनं ८० वर आणला, तर त्या नगाचा कटर आणखी वरच तुटला. हे काही केल्या उमगेना.

कूलंट आहे, नेहमीचं पांढरं सोल्युबल ऑइल, एकच नोझल. वडील म्हणतात, पूर्वी ॲल्युमिनियमवर ब्रशनं रॉकेल मारायचे. मारून बघू का?

आणखी एक. संध्याकाळी मशीनवर १८०.०० भरलेला नग सकाळी १७९.९४ भरतो. मायक्रोमीटर तोच, मापणारा मीच.

माल पार्टीचा आहे. हे काम नीट गेलं तर त्यांचं दरमहा काम मिळेल, आणि आम्हाला त्याची फार गरज आहे. कुणी हात धरून सांगेल का?

टूलरूम भोसरी

तुम्ही आकडे दिलेत, त्यामुळे सांगायला सोपं आहे. ३१ वर्षं टूलरूममध्ये गेली माझी, आता घरी असतो. तुमचा कटर फीड जास्त झाला म्हणून तुटलेला नाही, फीड कमी पडला म्हणून तुटलाय.

हिशेब मांडू. १५० ला ३००० ने भागा, मग चार दातांनी भागा. एका दाताच्या वाट्याला येतात ०.०१२५ मिमी. फीड ८० केल्यावर ०.००७ सुद्धा उरत नाहीत. आता कटरची धार बघा. स्टीलच्या कटरची धार टिकावी म्हणून मुद्दाम किंचित गोल केलेली असते, वर कोटिंगचा थर. चिप, म्हणजे कापून निघणारा कीस, त्या गोलाईइतकीच पातळ झाली की धार आत शिरत नाही, वरून घासत जाते. घासलं की तापतं, तापलं की मऊ ॲल्युमिनियम धारेला चिकटतं, आणि मग त्या चिकटलेल्या गोळ्यावर पुढचं चिकटत जातं. ॲल्युमिनियम सहाशे अंशांच्या आसपास वितळतं, पण चिकटायला तेवढं तापावंही लागत नाही. सीआयमध्ये हा त्रास तुम्हाला कधी झाला नाही, कारण त्यात ग्रॅफाइट असतं. तेच वंगणाचं काम करतं आणि चिपही तोडतं. त्यामुळे सीआयवर लागलेली सवय इथे बरोबर उलटी करावी लागते.

कटर बदला, हे पहिलं. तुमचं काळं कोटिंग बहुधा टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचं असणार. त्या थरात स्वतःतच ॲल्युमिनियम आहे, म्हणून जॉबचं ॲल्युमिनियम त्याला धरतं. दुकानात सरळ सांगा: ॲल्युमिनियमसाठीचा, बिनकोटिंगचा, पॉलिश फ्लूटचा, तीन दाती, ४५ अंश हेलिक्स (दातांचा पीळ). फ्लूटमध्ये बघितलं तर आरशासारखी चमक दिसली पाहिजे. कोटिंग हवंच असेल तर डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर) किंवा झिरकोनियम नायट्राइड, पण चाळीस नगांना साधा पुरतो. चार दातांचा का नको? दातांमधली जागा कमी. ॲल्युमिनियम एका वेळी भरपूर निघतं, त्याला बाहेर पडायला ऐसपैस खोबण लागते. स्लॉटच मारायचा असेल तर दोन दाती आणखी चांगला.

स्पिंडल ६००० ला लावा, अगदी शेवटपर्यंत. १० च्या कटरला १८८ मीटर प्रति मिनिट होतात. कार्बाइड ॲल्युमिनियममध्ये याच्या दुप्पटही सहज चालतं, म्हणजे कमी पडतंय ते तुमचं मशीन, कटर नाही. फीड दर दाताला ०.०६ धरा: ६००० गुणिले ३ गुणिले ०.०६ म्हणजे १०८०. हा आकडा बघून हात थरथरेल. पहिल्या नगाला ओव्हरराइड ७० टक्क्यांवर ठेवा, पण त्याखाली जाऊ नका.

पूर्ण रुंदीचा स्लॉट मारत पॉकेट काढणंही सोडा. तुमच्या कॅममध्ये, म्हणजे कटरचा मार्ग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ॲडॅप्टिव्ह किंवा ट्रोकॉइडल टूलपाथ असेल. खोली २० मिमी एकदम आणि बाजूचा कट फक्त १.५ मिमी घ्या. कट रुंदीला इतका कमी असला की चिप दिलेल्या फीडपेक्षा पातळ निघते, १५ टक्के रुंदीला साधारण ०.७ पट. म्हणून फीड उलट वाढवायचा, दाताला ०.०८५, म्हणजे १५३० मिमी प्रति मिनिट. धार पूर्ण लांबीला सारखी वापरली जाते आणि दात बहुतांश वेळ हवेत असतो, थंड होतो. आत शिरताना सरळ खाली डुबकी नको, १७-१८ मिमी व्यासाच्या हेलिक्सने गोल फिरत उतरा, उतार तीन अंशांपर्यंत. दिशा क्लाइम्ब, म्हणजे दात जाड चिपपासून सुरुवात करून पातळ सोडतो. पॉकेटमध्ये प्रोग्रामच्या जी४१ कोडने आपोआप तीच येते.

शेवटी कोलेट, म्हणजे कटर पकडून धरणारी नळी. नवीन कटर लावण्याआधी नट, कोलेट, स्पिंडलचा टेपर पुसून डायल गेज लावा. रनआउट, म्हणजे कटर फिरताना डगमगणं, ०.०३ असेल तर ०.०६ च्या फीडला एक दात जवळजवळ दीडपट खातो आणि दुसरा उपाशी राहतो. जो उपाशी राहतो तोच घासतो.

उद्यमबाग

बेळगावहून लिहितोय. इकडे विमानाच्या पार्ट्सचं काम बरंच चालतं, मी नऊ वर्षं ॲल्युमिनियमच कापतोय. काकांनी कटरचं सगळं सांगितलं, मी पाण्याचं, म्हणजे कूलंटचं सांगतो.

रॉकेल व्हीएमसीत अजिबात नको. ब्रशने हळू चालणाऱ्या जुन्या मशीनवर लोकांनी मारलं, ते वेगळं. ६००० आरपीएमला त्याचं धुकं होतं, बंद केबिनमध्ये साठतं, आणि एक कटर तापून तुटला की आग लागायला निमित्त मिळालं. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हे पण सांगा.

पंधरा मिमीच्या खालीच का तुटतो, याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. पॉकेट म्हणजे विहीर. वर असताना चिप उडून बाहेर पडते, खाली गेलं की तिथंच साठते. मग कटर तीच चिप परत परत कापतो, ती दोन वॉलच्या मधे आणि फ्लूटमध्ये दाबली जाते. ॲल्युमिनियमला कूलंट हवं ते गार करायला कमी आणि चिप बाहेर ढकलायला जास्त. त्यासाठी एक नोझल पुरत नाही. कटर कुठल्याही बाजूला गेला तरी एकाची धार लागली पाहिजे, म्हणून निदान दोन समोरासमोर, आणि धार कटरच्या टोकावर, दांडीवर नव्हे. मी तिसऱ्या नळीने हवा पण देतो, एअर लाइनला वॉटर सेपरेटर लावून. धार कमी असेल तर नुसती जोरदार हवा परवडते, पण अर्धवट थेंबथेंब कूलंट वाईट. त्याने चिपचा चिखल होतो आणि तळाशी बसतो. मधे दोनदा प्रोग्राम थांबवून पॉकेट हवेने साफ करा, त्यासाठी एम०१ हा थांबण्याचा कोड टाकून ठेवा. हवा मारताना चष्मा हवाच, बारीक चिप डोळ्यात गेली की चुंबकाने निघत नाही.

टाकी कधी धुतली होती? सीआय केलेल्या मशीनच्या टाकीत तळाला लोखंडाचा बारीक गाळ असतो. तो पंपातून फिरत जॉबवर येतो, ओरखडे काढतो आणि रात्रभर ओल्या ॲल्युमिनियमवर राहिला की डाग पडतात. ॲनोडाइझ केल्यावर हे डाग लपत नाहीत, उलट उठून दिसतात. तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करा, गाळ खरवडून काढा, क्लीनर फिरवा, मग नवीन भरा. आधी पाणी, मग त्यात तेल हलवत हलवत ओता. उलटं केलं तर दह्यासारखं फाटतं. आमच्याकडे ॲल्युमिनियमला आठ टक्के ठेवतो. अंदाजाने नको, द्रावण किती दाट आहे ते दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. त्यातला ब्रिक्सचा आकडा म्हणजे थेट टक्के नव्हेत, तेलाच्या डब्यावर किंवा कागदावर एक गुणक दिलेला असतो, त्याने गुणा. बोअरचं जड पाणी असेल तर साबणासारखी साय धरते, आरओचं पाणी मिसळा. आणि तेल ॲल्युमिनियमला चालणारं आहे का हे विक्रेत्याला विचारा. काही तेलांचा पीएच जास्त असतो, जॉब काळपट पडतो.

कुपवाड एम१टीआर

मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडं व्हीएमसी नाही, जुनं एम१टीआर, म्हणजे साधं मिलिंग मशीन, आहे आणि एचएसएसचे (हायस्पीड स्टीलचे) कटर. अधूनमधून ॲल्युमिनियमच्या प्लेटा येतात. कूलंटचा पंप बंद आहे. हेच आकडे मला चालतील का?

टूलरूम भोसरी

नाही चालणार. १२ चा दोन दाती एचएसएस, २००० आरपीएम, फीड २०० च्या आसपास, खोली दोन-तीन मिमी. ब्रशने सोल्युबल ऑइल किंवा पातळ कटिंग ऑइल लावत राहा, चिप बाजूला सारत राहा. ब्रश कटरच्या मागच्या बाजूने धरायचा, जिथे दात बाहेर येतात तिथे, म्हणजे ब्रशचे केस आत ओढले जात नाहीत. आणि क्लाइम्ब करू नका. जुन्या मशीनच्या स्क्रूमध्ये ढिलाई असते, कटर टेबल स्वतःकडे खेचून घेतो आणि एका झटक्यात जॉब, कटर दोन्ही जातात. मी ते शिकाऊ असताना अनुभवलंय. नुसता फिनिशचा हलका हात तेवढा क्लाइम्बने घ्या, टेबलचं लॉक थोडं आवळून.

वाळूज क्यूसी

शिरोलीकर दादा, मापाचा प्रश्न सगळ्यांनी सोडला म्हणून मी लिहिते. मी क्वालिटीत आहे.

तुमचा मायक्रोमीटर बरोबर आहे आणि तुम्हीही. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, पोलादाच्या जवळपास दुप्पट. नग मशीनवरून काढला तेव्हा सकाळपेक्षा १५ अंश गरम असेल तर १८० मिमीला ०.०६२ वाढ होते. तुमचा फरक ०.०६ आहे, म्हणजे हिशेब चोख जुळतो. सीआय निम्म्याहून कमी वाढतं आणि जड कास्टिंग सहज तापत नाही, म्हणून हे आजवर जाणवलं नसेल. काकांनी सांगितल्याप्रमाणे कापलं तर बरीचशी उष्णता चिपबरोबरच निघून जाईल आणि फरक कमी होईल. तरी फिनिश पासच्या आधी दहा मिनिटं कूलंट चालू ठेवून नग गार करा आणि अंतिम माप दोन-तीन तास टेबलावर ठेवल्यावरच घ्या. लांबी-रुंदीची मापं २० अंश तापमानाची धरायची असा नियमच आहे. आपल्याकडे ते खोलीत मिळणं अवघड, पण जॉब आणि गेज निदान एकाच तापमानाला आणता येतात.

वॉल ३ मिमीची आहे म्हणून आणखी एक सांगते. फ्लॅट एक्स्ट्रुजनचा असेल तर त्यात आतला ताण असतो. मधलं मटेरियल काढलं की व्हाइस सोडल्याबरोबर नग धनुष्यासारखा वाकतो. सगळ्या बाजूंना अर्धा मिमी ठेवून रफिंग करा, व्हाइस सोडा, नग मोकळा होऊ द्या, मग हलकं धरून फिनिश करा. पुढच्या ऑर्डरला ६०६१ किंवा ६०८२ ची टी६५१ प्लेट मिळते का बघा, ती ताणून तिच्यातला ताण काढलेला असतो. भाव जास्त पडतो पण वाकणं खूप कमी होतं.

आमच्याकडे दुचाकीचे डाय कास्टिंग येतात, एडीसी १२ चे. त्यात दहा-अकरा टक्के सिलिकॉन, ते वाळूसारखं धार खातं. तसलं काम कधी आलं तर हे कटर पुरणार नाहीत, तेव्हा पीसीडीचा (हिऱ्याच्या धारेच्या कटरचा) विचार करा.

शिरोलीकर

दहा दिवस काही लिहिलं नाही, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिले दोन दिवस टाकी साफ करण्यात गेले. तळाला चार बोटं काळा गाळ होता, बादल्यांनी काढला. वडील स्वतः आत हात घालून खरवडत होते. रिफ्रॅक्टोमीटर मागवला. आम्ही ज्याला आठ टक्के समजत होतो ते तीनच निघालं. कूलंटची एक जादा नळी बसवली, एअर गनच्या लाइनवरनं हवेची दुसरी.

तीन दाती पॉलिश कटर दोन आणले. पहिला लावला, डायल टेकवला तर ०.०४. काका, तुमचं वाचलं नसतं तर तसाच चालवला असता. कोलेटच्या खाचेत सीआयचा भुगा घट्ट बसलेला होता. साफ करून पुन्हा लावला, ०.०१ च्या आत आलं.

पहिला नग चालवताना ६००० आणि १५३० बघून माझा हात फीड होल्डच्या (फीड थांबवायच्या) बटणावरच होता. पहिली चिप उडाली तेव्हा आवाज ऐकला. किर्र नाही, चिरका नाही, एकसारखा भरीव आवाज, कापड फाडल्यासारखा. चिप चकचकीत, जाडसर, थोडी वळलेली, दारावर गारांसारखी आपटत होती. मशीनचा लोड मीटर तीस टक्क्यांच्या वर गेला नाही. पॉकेटला पूर्वी दीड तास लागायचा, आता बारा मिनिटं. वडील मशीनसमोर उभे होते, नग काढल्यावर त्यांनी पॉकेटच्या तळावर अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरा लाव."

आजपर्यंत एकोणीस नग झाले, एकच कटर, रिजेक्ट शून्य. ताई, तुम्ही सांगितलं तसं रफिंग करून सोडतो, तर पहिल्या नगाला ०.२ चा बाक दिसला. तो फिनिशमध्ये निघून गेला. सकाळचं माप आता ०.०१-०.०२ च्या फरकात येतंय.

अडचण एकच उरलीय. चारही कोपऱ्यांत फिनिश पासला चॅटरच्या (कटर कंप पावल्याच्या) बारीक रेघा येतात. सरळ वॉल काचेसारखी, कोपरा मात्र खडबडीत. आणि ते जुने दोन कटर, ज्यांच्या दातांत ॲल्युमिनियम भरलंय पण तुटलेले नाहीत, ते वाचतील का?

टूलरूम भोसरी

तुमच्या वडिलांचं ते वाक्य वाचून फार समाधान वाटलं.

कोपऱ्याची रेडियस ६ आणि कटरची ५. कटर कोपऱ्यात शिरतो तेव्हा सरळ वॉलपेक्षा कितीतरी जास्त घेर धातूला चिकटून असतो, म्हणून तो कंप पावतो. फिनिशला ८ चा कटर घ्या आणि होल्डरबाहेर जेमतेम २५ मिमी काढा. कोपऱ्यात फीड निम्म्यावर आणा, तिथे चिप आपोआप जाड होते त्यामुळे घासणार नाही. वॉलला ०.२ ठेवा, त्याहून कमी नको.

जुने कटर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवा. ॲल्युमिनियम विरघळतं, कार्बाइडला काही होत नाही. प्लास्टिकचा डबा, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, जवळ विडी-काडी, ग्राइंडर काही नको. झाकण लावू नका. नंतर भरपूर पाण्याने धुवा. पण हे कटर पुन्हा स्टीललाच वापरा.

उद्यमबाग

चिपच्या ड्रमचं राहिलं. ओली बारीक चिप झाकण घट्ट लावून ठेवू नका, त्यातही हायड्रोजन साठू शकतो. आणि सीआयचा भुगा त्यात मिसळू देऊ नका, ॲल्युमिनियमच्या चिपला भंगारात वेगळा भाव मिळतो.

शिरोलीकर

८ चा मागवलाय, उद्या दुपारपर्यंत येईल. ड्रम आजच वेगळा केला. उरलेले नग शनिवारपर्यंत काढतो आणि कोपऱ्याचा फोटो इथं टाकतो.